मार्था काकूंचा अडलेला शब्द

शनिवारी चार माणसं आणि चहा एकत्र आला, की किस्से साठायला वेळ लागत नाही. त्यातून आमचा तर रेकॉर्डरच चालू असतो!

आम्ही अमेरिकेतल्या बॉथेलचे तीन सॉफ्टवेअरवाले हौसेखातर पापुआ न्यू गिनीतल्या न्यू ब्रिटन बेटावरच्या भाषा रेकॉर्ड करतो. शेजारशेजारच्या गावांच्या चार-पाच भाषा, सगळ्या एकमेकींच्या बहिणी. बोलणाऱ्या मार्था काकू, तिथल्याच. आता इथे नात रूथकडे राहतात.

पहिल्या दिवशी पुण्याचा रोहन लॅपटॉप उघडून म्हणाला, "काकू, स्टार्ट करू या?"

"आधी तुझे आजोबा कोण, ते सांग."

मग पणजोबा. मग मामा. दोन तासांत रोहनचं अख्खं खानदान रेकॉर्ड झालं, शब्द एकही नाही!

यादीत 'बर्फ' होता. काकू म्हणाल्या, "आमच्याकडे पडत नाही. तुमच्या फ्रीजला विचारा!"

गाडी अडली ती 'दगडा'वर. काकूंनी सांगितलेला शब्द शेजारच्या गावच्या भाषेतला निघाला. पुन्हा विचारलं, पुन्हा तोच. रोहन मला मराठीत म्हणाला, "यार, काकूंना आठवत नाहीये. सगळं कॅन्सल करावं लागेल." मराठीतलं ते 'कॅन्सल' काकूंना बरोबर कळलं. त्यांचं तोंड एवढंसं झालं. ती भाषा बोलणारं आमच्या ओळखीत दुसरं कोणी नव्हतं. मला फार वाईट वाटलं.

नागपूरहून माझ्याकडे आलेली आई आत स्वयंपाकघरात पोहे परतत होती. ती झारा घेऊनच बाहेर आली.

"आठवत कसं नाही? माझ्या सासूबाई जन्मभर दगडाला पत्थर म्हणाल्या. नवऱ्याचं नाव दगडू! यांचंही तसंच असेल, विचार."

विचारलं. काकू चक्क लाजल्या. "सासऱ्यांचं नाव," म्हणाल्या. मग दोघी एकमेकींचे हात धरून इतक्या हसल्या, की पोहे करपले!

पण शब्द उच्चारणार कोण? सुनेला बंदी, पणतीला नाही. पण रूथ अमेरिकेत वाढलेली, तिला आजीच्या भाषेतला एक शब्द येत नाही. काकू घरून रूथला आणि सासऱ्यांचा फोटो घेऊन आल्या. खाली नाव लिहिलेलं. तो त्यांनी रूथपुढे ठेवला आणि बोटाने माइक दाखवला.

रूथने आपल्या अमेरिकन उच्चारात नाव वाचलं. "इज दॅट राइट, ग्रँडमा?"

काकूंनी डोळे मिटले होते.

"अजून एकदा," म्हणाल्या.

रूथने तो शब्द बारा वेळा म्हटला. रोहनने एकही डिलीट केला नाही.