नाव झाकून पाठवा

लालबागला इंजिनिअरिंग कारखानदारांच्या संघटनेच्या ऑफिसात मी नोकरीला लागले, तेव्हा काळाचौकीच्या आमच्या चाळीत सगळ्यांना वाटलं, पोरगी युनियनमध्ये गेली. "मोर्चा कधी काढताय?" शेजारच्या काकू विचारायच्या. अहो, ही मालकांची संघटना, असं सांगितलं की म्हणायच्या, "मालकांना कसली आलीय संघटना? ते तर एकमेकांचे गळे कापतात!" परिपत्रकं पाठवण्यापलीकडे आम्ही करतो तरी काय, हे मलाही जाणून घ्यायचं होतं. स्वभावच भोचक, त्याला काय करणार?

मग एका सकाळी गिअर बनवणाऱ्या आमच्या एक सभासद बाई आल्या. नवरा गेल्यावर गाळा त्या एकट्याच चालवत होत्या. गिअरचे दात पाडायचं मशीन बंद पडलेलं, दुरुस्तीला वेळ लागणार, आणि शनिवारी एका पंपवाल्या कंपनीला माल द्यायचा. मोठं गिऱ्हाईक तेवढं एकच. "हे गेलं तर गाळ्याला कुलूप," त्या आमच्या सेक्रेटरींना म्हणाल्या.

तसलं मशीन आसपास आमच्या एकाच सभासदाकडे होतं, आणि तो बाईंचा पक्का वैरी. त्यांचा चांगला कारागीर त्यानं पळवलेला. याच पंपवाल्यासाठी तो कित्येक वर्षं हात धुऊन मागे लागलेला. सेक्रेटरींनी सरळ त्यालाच फोन लावला! म्हटलं, झालं, चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या.

तो एवढंच म्हणाला, "नाव झाकून पाठवा."

ही सभासदांची जुनी रीत. कुणाचं काम अडलं आणि दुसऱ्याकडे पाठवायची वेळ आली, तर ड्रॉइंगवर गिऱ्हाइकाच्या नावावर कागदाची पट्टी चिकटवायची. करणाऱ्यानं विचारायचं नाही, माल संघटनेतूनच परत द्यायचा. मला हसूच आलं. गिअर कुणाचा, हे त्याला पट्टी लावून काय कळणार नव्हतं?

शुक्रवारी दुपारी तो मालाचं खोकं घेऊन आला. बाई यायच्या होत्या, सेक्रेटरी जेवायला गेलेले. तेवढ्यात फोन वाजला. पंपवाल्या कंपनीचा खरेदी अधिकारी. "बाईंचं मशीन बंद आहे म्हणे. दुसरा कोणी असेल तर नंबर द्या, ऑर्डर आत्ता फिरवतो."

चौकशी आली की सभासदाचा नंबर द्यायचा, हेच माझं काम. आणि नंबरवाला समोर बसलेला! फोनवर हात ठेवून मी त्याला सगळं सांगितलं.

तो खोक्याची दोरी उगाच आवळायला लागला. मोह झाला होता, तोंडावर दिसत होतं. मग म्हणाला, "सांगा, बाईंचा माल तयार आहे. उद्या पोचेल."

बाई आल्या तशी मला कुठला धीर! मी सगळं सांगून टाकलं. त्या त्याच्याकडे वळल्या. "मला वाटलं, तुम्ही घ्याल."

"घेणारच आहे. तुमचं मशीन सुरू होऊ दे, मग बघा कसं ओढतो गिऱ्हाईक."

"या की, बघतेच," बाई म्हणाल्या खऱ्या, पण मटकन खुर्चीत बसून रडायला लागल्या. तो पार गडबडला. "अहो, रडताय काय? टेम्पो बोलवा," म्हणाला, आणि खोकं स्वतः उचलून जिना उतरायला लागला.