चौथी लाथ

माघातला बाजाराचा दिवस, ठरलेला मोबदला एक नारळ, हजर मी, एक हमाल आणि दोघी जावा.

अमेरिकेतल्या लढाईपायी विलायतेला आमचा कापूस हवा होता. बोजे उचलून अमरावतीच्या बाजारात रोज कुणाच्या तरी पाठीत उसण भरे. भाजी विकणारी थोरली माळीण पायाळू होती, म्हणजे जन्मताना पायांकडून आलेली. अशा माणसाने पाठीला तीनदा लाथ लावली की उसण उतरते.

ती आधी दरडावून विचारी, "उचलून भरली का पडून?" पडलेला असला तर म्हणे, "मंग हाडवैद्याकडे जाय. माह्या पायाले कावून बदनाम करतं?" पैशाला शिवत नसे, नारळ मात्र हलवून, पाणी ऐकून घेई.

त्या दिवशी वांग्यांची टोपली उचलताना तिलाच उसण भरली. बाजारात दुसरी पायाळू एकच, शेजारी बसणारी तिची धाकटी जाऊ. बाजारात बसायच्या जागेवरून भांडून दोघींचं बोलणं बंद होतं.

"बोलाव ना मावशे," हमाल म्हणाला, "नाहीतर अशीच वाकून घरी जाशीन."

थोरलीने मिळालेल्या नारळांतला एक उचलला. मग तो जावेपुढे केला.

जाऊ म्हणाली, "उचलून भरली का पडून, थोरल्या बाई?"

"दिसत नाई का तुले? लाव पाय!"

मी लाथा मोजल्या.

"चार झाल्या," मी म्हणालो.

"चौथी जागेची," जाऊ म्हणाली.

थोरली सरळ उभी राहिली. आता भांडण जुंपणार, असं मला वाटलं. तिने आपली टोपली बाजूला सरकवली.

एक नारळ आणि हातभर जागा, दोन्ही जावेला मिळालं.