आक्काचा उपास आन् अडेल मोटार

निपाणीतनं निघताना मोटार एका हँडलात सुरू झाली. माझं एवढ्या लवकर आयकणारी घरात-दारात ती एकलीच. मी मूळचा आप्पांच्या तंबाखूच्या वखारीतला बैलगाडीवाला. आप्पांनी मोटार घेतली तवा बैलं इकली, मला ठिवला. बैलांना गिऱ्हाईक मिळालं हुतं.

मागल्या शिटावर आप्पांची आई बसलेली. तिला सगळं गाव आक्का म्हणतं. तिची बेळगावची लेक मोठ्या दुखण्यातनं उठली हुती. "लेक उठली तर बेळगावच्या बस्तीत (जैनांच्या देवळात) दर्शन घिऊन मगच तोंडात पाणी घालीन," आसं आक्का बोललेली. कालपासनं निर्जळी. आन् दिवस बुडल्यावर ती खात-पीत न्हाय. म्हंजी उजेडात पोचलो तर पाणी, न्हायतर उद्या सकाळपतूर म्हातारी कोरडीच.

"दादू, दिवस बुडायच्या आत पोचीव," आप्पा म्हणाले.

"पोचिवतो की." बोलायला मला हँडल मारावं लागत न्हाय.

दुपार टळलेली. तरी निघायच्या आधी मी पेट्रोलच्या टाकीच्या झाकणाला कुंकू लावलं. त्या झाकणाच्या मधोमध एक बारीक भोक हाय. सायबानं ते टिळ्यासाठीच पाडलंय, हे माझं मीच वळखलेलं. रोज कोरडं कुंकू वाऱ्यानं उडायचं. आज लांबचा पल्ला, म्हणून बायकोकडनं मेण मागून आणलं. बायका लावत्यात तसं आधी मेण, वर कुंकू. टिळा गच्च बसला.

तवंदीच्या घाटात आक्कानं डोंगरावरल्या देवाला हात जोडले, आन् मोटारीनं तितंच बसकण मारली. हँडल मारून मारून माझा घाम निघाला, ती नुसती खोकायची. इंजनाचे पलग काढले, धोतराला पुसले. पेट्रोल हाय का न्हाय बघायला झाकण काढून काठी बुडीवली. लई हुतं. हँडल मारलं आन् चालू.

"पलगात कचरा हुता, आक्का," मी छाती फुगवून सांगितलं. देव पावला म्हणून झाकणावर नवं मेण, नवं कुंकू.

संकेश्वरला उसाच्या गाड्या आडव्या आल्या. इंजन बंद केलं आन् भज्याच्या वासामागं गेलो. मोटारीत म्हातारी कोरड्या तोंडानं बसलेली आन् मी वट्यावर भजी खातोय, आसा मी. त्याची शिक्षा लगीच मिळाली. मोटार उठंना. हँडल उलटं फिरून मनगटावर बसलं.

एक ऊसवाला गाडीवरनंच म्हणाला, "याक री, गाडी निंतैति?" (का हो, गाडी थांबली?)

"इसावा घेतीया," मी म्हणालो.

मग तो मराठीत आला. "बैल जोडू काय म्होरं? माझी बैलं कुटंबी इसावा घेत न्हाईत."

तारा हलवल्या, परत आवळल्या. काठी घालून पेट्रोल बघितलं. हँडल मारलं, चालू. "तार ढिली हुती, आक्का." आन् ह्या टायमाला मेण जरा जास्तच.

काकतीच्या अलीकडं तिसऱ्यांदा बसली. ऊन झाडांच्या शेंड्यावर गेलेलं. पलग पुसले, तारा आवळल्या, हँडल मारलं. काय न्हाय. आक्काचे ओठ पांढरे पडलेले.

"आक्का, बैलगाडी बघून आणतो."

"गप हितं उभा ऱ्हा. घाटात काय काय केलंस?"

"पलग पुसले."

"आन्?"

"पेट्रोल बघितलं."

"संकेश्वरात?"

"तारा आवळल्या. पेट्रोल बघितलं."

"आन् आता?"

"पलगबी झाले, ताराबी झाल्या."

"पेट्रोल?"

"मगाशीच बघितलं की, आक्का. परत कशाला?"

"झाकण काढलंस का माझ्या पाठीमागं फुस्स हुतंय. दोन्ही टायमाला झालं. मग गाडी उठती. काढ झाकण."

काढलं. फुस्स. टाकीनं हवा वढून घेतली, कुणीतरी पाण्याखालनं वर यावं तशी. झाकण उलटं धरून उजेडात बघितलं तर भोकातनं उजेडच येईना. माझ्या मेणानं बुजलेलं. झारीचं तोंड वरनं दाबलं तर तोटीतनं पाणी येत न्हाय, तशी गत; टाकीत हवा शिरंना, म्हणून इंजनाला पेट्रोल जाईना. घाटापासनं मी तिचं नाक दाबून तिला पळ म्हणत हुतो, आन् पळाली का खूश हुऊन परत दाबत हुतो.

बाभळीच्या काट्यानं मेण कोरून काढलं. पैल्या हँडलाला उठली.

बस्तीच्या दारात मोटार लावली तवा ऊन वरल्या कौलांवर हुतं. दर्शन झालं. लेक तांब्या घिऊन आंगणात उभीच हुती. आक्का खाली बसली आन् घोट घोट करत पाणी प्याली. मग मुगाचं कढण. मी मोटारीला टेकून बघत ऱ्हायलो. मनगट ठणकत हुतं, ते तवा ध्यानात आलं.

दुसऱ्या दिवशी माघारी येताना मोटार कुटंच बसली न्हाय. तवंदीच्या घाटात आक्का म्हणाली, "आज टिळा न्हाय व्हय रं?"

"लावलाय की. म्होरं, बोनेटला."

"तितं कुटं भोक न्हाय न्हवं?"

निपाणीत आप्पा दारातच उभे. "काय आक्का, गाडीनं तरास दिला न्हाय न्हवं?"

आक्कानं माझ्याकडं बघितलं. "गाडीनं न्हाय," म्हणाली आन् आत गेली.

लोक लांब लांब जात्यात, डोंगर, देवळं, बाजार बघून येत्यात. मी बेळगावपतूर जाऊन एक भोक बघून आलो. ते रोज माझ्या बोटाखालीच हुतं.