मावशीच्या गाण्यावरचं चित्र

समस्त मावळवासीयांना अत्यंत गांभीर्यानं कळवण्यात येतं, की कामशेतमधल्या माझ्या दुकानातल्या स्क्रीनमागं कोणीही लपून बसलेलं नाही. आंदर मावळातल्या एका मावशीनं भिंत आणि स्क्रीन यांच्या फटीत मान घालून याची जातीनं खात्री केली होती. समाधान मात्र तिचं झालं नव्हतं.

मावशी हळदीची गाणी म्हणायची. माझा धंदा लग्नाच्या साउंडचा: स्पीकर, लॅपटॉप आणि मांडवात उभा करायचा मोठा स्क्रीन. दोघांचं गिऱ्हाईक एकच, त्यामुळे आमचा एकमेकांवर संशय जुना. माझे स्पीकर दिसले की ती पदर नाकाला लावायची, जणू मी मांडवात गटार उघडलंय.

पुढं तिचा नवरा गेला. येऊ नकोस, असं तिला कोणी म्हटलं नाही, नुसती बोलावणी थांबली. विधवेनं हळदीच्या मांडवात पाऊल टाकायचं नाही, हे आमच्याकडे कोणाला सांगावं लागत नाही.

मग एका बाजाराच्या दिवशी ती दुकानात आली, आधी स्क्रीनमागं डोकावली आणि म्हणाली, "माजी गाणी भरून घे भाऊ. मला न्हाई बोलवत, आवाजाला तरी बोलवत्याल. आवाजाला कुटं कपाळ असतंय?"

दुकानामागच्या खोलीत गाणी भरली. गाताना तिचं लक्ष माझ्या बोटांवर, मी काही चोरतोय का म्हणून. नंतर मी मोठ्या ऐटीत गाणं स्क्रीनवर लावलं. रंगीत रेघा उसळायला लागल्या, तसे मावशीचे डोळे बारीक झाले.

"ह्या रेघा माज्याच कशावरून?"

तुमच्या आवाजाच्या तालावर नाचतात, मावशी, असं मी जादूगारासारखे हात पसरून सांगितलं. तिनं उलटतपासणी सुरू केली. आधी दुसऱ्या कोणाचं गाणं लावायला लावलं. रेघा नाचल्या. मग तिचं. तेव्हाही नाचल्या. मध्येच ती बंद कर म्हणाली. मी बंद केलं, तर रेघा आपल्या सावकाश खाली बसत राहिल्या.

"मी गप झाले तरी ह्या हालत्यात. ह्यांचं त्यांचंच चाललंय कायतरी."

खरं सांगतो, तेव्हापासून मीही त्या रेघांकडे जरा तिरकंच बघतो.

खरा घोटाळा चित्रानं केला. स्क्रीनवर तिच्या गाण्याच्या नावाशेजारी चित्राचा जो चौकोन असतो, त्यात सुरुवातीला काहीच नव्हतं. पण नेट चालू असलं की ते सॉफ्टवेअर गाण्याचं नाव वाचून कुठूनतरी चित्र शोधून आणतं, हे तुम्हीही पाहिलं असेल. पुढच्या बाजारी मावशी आली, तेव्हा तिच्या हळदीच्या गाण्यावर गॉगल घातलेली एक पोरगी हसत होती. मागं समुद्र.

मावशी स्क्रीनपाशी गेली. मग तिनं ही कोण, कोणाची, आणि हिला गाणं कोणी दिलं, हे सगळं विचारून घेतलं. कोणी दिलं नाही, कॉम्प्युटरनं आपलं आपण शोधलं, असं मी सांगितलं.

"त्याला ही घावली, आन मी न्हाई घावले?"

मी पोरीला काढून टाकलं आणि मावशीचा फोटो लावू म्हणून मोबाइल उचलला. तिनं झटकन तोंडावर पदर ओढला. माझं तोंड मांडवात दिसलं की गाणंच बंद करतील, म्हणाली, नुसत्या रेघाच राहू देत. रेघांवर तिचा काडीचा विश्वास नव्हता. पण रेघांना कोणी नवरा आहे का, असं विचारत नाही.

मावशी आता नाही. तिच्या गाण्यांवर मी अजून चित्र लावलेलं नाही.

ती गाणी मांडवात पहिल्यांदा वाजली, तेव्हा मात्र मावशी माझ्याच टेम्पोतून आली होती. मी मागच्या मागं ती गॉगलवाली लावतोय की काय, एवढंच बघायचंय म्हणाली. गाव तिच्याच बाजूचं. ती मांडवात आली नाही. टेम्पोआड उभी राहून कनातीच्या फटीतून बघत राहिली.

मी गाणं लावलं. पिवळ्या, हिरव्या रेघा उसळल्या आणि बायकांची कुजबुज थांबली. आवाज सगळ्यांनी ओळखला, नाव कोणी घेतलं नाही. सगळ्या आपल्या रेघांकडे बघत बसल्या. माझा हात आवाजाच्या बटणावर. आता कोणीतरी बंद करा म्हणणार, अशी माझी खात्रीच होती.

त्या गावात नवरीच्याही आधी गाणारणीच्या हाताला हळद लावायचा मान आहे. नवरीची आजी सवयीनं हळदीची वाटी घेऊन उठली, आवाजाच्या रोखानं चालत आली आणि स्क्रीनपुढं येऊन थबकली. तिनं रेघांकडे पाहिलं, मग कनातीच्या फटीकडे. बोटांवरची हळद तशीच. मग ती सुनेकडे वळली आणि साऱ्या मांडवाला ऐकू जाईल अशी कडाडली,

"आता काय ह्या रेघांला हळद लावू? टेम्पोमागं उबी हाय ती, आना तिला आत."