नखातला थेंब

अनघाचा फोन आला तेव्हा मी मंडईत नारळ कानाशी धरून हलवून बघत होते. "मावशी, आई गेली," एवढंच ती बोलली. नारळ तसाच परत ठेवला आणि गर्दीच्या मधोमध उभी राहिले... रडू आलं नाही. संताप आला. शैलाला जाऊन आता काही आठवडे झाले, पण खरं सांगते, तो संताप अजून उतरलेला नाही.

शैला माझी शाळेपासूनची मैत्रीण. नारायण पेठेतल्या तिच्या दोन खोल्यांतून उकडीचे मोदक सगळ्या पेठेत जायचे. बोटं पाण्यात बुडवायची, तेलाला लावायची आणि पारीला चिमट्या घेत कळ्या काढायच्या. पारीला नख लागलेलं तिला अजिबात खपायचं नाही, म्हणून स्वतःची नखं कायम कापलेली. मी मदतीला गेले की आधी माझा हात उलटा करून बघायची. "या बाईसाहेब! आपण तिकडे बसून नारळ खवा. पारीला हात लावायची तसदी घेऊ नका." आणि मी निमूट खवणीवर बसायची.

अशा बाईचीच नखं बदलायला लागली. आधी पातळ झाली, कडांचे पापुद्रे निघायला लागले. मग फुगीरपणा जाऊन सपाट झाली. एका संकष्टीला मोदक वळता वळता तिनं हात माझ्यापुढे धरला. अंगठ्याच्या नखात पाण्याचा थेंब उभा होता, ओघळत नव्हता. नख मधे खोलगट झालेलं, कडा वर आलेल्या. "बघ मंदे, देवानं पळीच दिली. आमटी वाढायला आता वेगळी नको." आम्ही खूप हसलो. पुढे मोदक न्यायला येणाऱ्यांनाही ती ही गंमत करून दाखवायची.

कारण प्रत्येकाकडे तयार होतं. तिचे यजमान वसंतराव म्हणायचे, "हात सारखे पाण्यात, दुसरं काय होणार?" शेजारणी म्हणायच्या, उपवास. तेही खरंच. सोमवार, गुरुवार, शनिवार, वर संकष्टी, आणि पोटात काय, तर खिचडी आणि चहा! शेवटी मीच तिला ओढत डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी पापणी खाली ओढून बघितली, रक्त तपासायला लावलं. शरीरातलं लोह फार कमी झालं की अशी नखं होतात, म्हणाले. गोळ्या दिल्या आणि बजावलं, "महिन्याभरानं परत या. पाळी जाऊन इतकी वर्षं झालेल्या बाईचं रक्त कमी होतंय, तर ते जातंय कुठे, हे शोधायला हवं." इतकं स्वच्छ सांगितलं होतं हो! पण ही बया परत गेलीच नाही. "गणपतीत कसला डॉक्टर? गौरी जाऊ देत." गौरी गेल्या, मग नवरात्र आलं, मग त्याचे नऊ दिवस उपवास...

त्याऐवजी घरादारानं तिचं रक्त वाढवायला घेतलं. बिटाची कोशिंबीर, बिटाचा रस, खजूर, लोखंडी कढईतली भाजी. इथेच माझं डोकं फिरतं. शौचाला लाल झालं की ती म्हणायची बीट, आणि काळं झालं की गोळ्या. बिटानं लाल होतं आणि लोहाच्या गोळ्यांनी काळं होतं, हे खोटं नाही, म्हणून तर तिला स्वतःलाही शंका आली नाही. रक्त वाढवायला जे जे दिलं, त्याच्याच आड रक्त जात राहिलं. मला हे कळलं ती दवाखान्यात पडल्यावर. "बीट बंद केलं तरी होत होतं गं कधीकधी," ती सहज म्हणाली. मी ओरडलेच, "मग बोलली का नाहीस, शैले?" तर मलाच म्हणते कशी, "मोदक करणाऱ्या बाईनं असलं बोलायचं? एक तरी मोदक खपला असता का?" तोवर आतड्यातली गाठ यकृतापर्यंत पोचली होती. तिच्यावर चिडावं तर ती अंथरुणात, वसंतरावांवर चिडावं तर ते पायाशी बसून बिटाचा रस गाळतायत...

परवाच्या संकष्टीला त्यांच्याकडे गेले. शैलाच्या जागी अनघा बसली होती. तेच पाट, पाण्याची तीच पितळी वाटी. "ऑर्डरी बंद नाही करणार, मावशी. आणि आईचे सगळे उपवासही मी धरलेत," ती म्हणाली. चेहरा फिकट दिसत होता. म्हटलं, दमली असेल बिचारी. तिनं बोटं पाण्यात बुडवली, पारी घेतली, आणि मी तिचं मनगट धरलं. वाटीतला एक थेंब तिच्या अंगठ्याच्या नखावर सोडला.

तो तिथेच उभा राहिला.

"अय्या, अगदी आईसारखं!" अनघा हसली. मला हसता येईना. मी उठून गॅस बंद केला.

"अहो मावशी, संध्याकाळची ऑर्डर आहे..."

"राहू देत मोदक. हात धू आणि चप्पल घाल."