आक्काच्या पुसलेल्या धापा

माझी थोरली बहीण, आक्का, निपाणीत भीमगीतं गायची. तिच्या उतारवयातल्या, कुणी फारशा न घेतलेल्या कॅसेटी बेळगावचा एकजण आता मोबाईलसाठी नव्यानं काढतोय. तंबाखूच्या वखारीत राबून तिला धाप लागायची, ती त्या गाण्यांत ऐकू येते. लोक हसतील, असं मला वाटलेलं. पण त्या पठ्ठ्यानं सगळी धापच पुसून टाकली. विचारायचं तरी! आता आक्काला काय वाटेल, याची धास्ती. काल भीतभीतच तिला गाणं ऐकवलं. डोळे मिटून तिनं ते शेवटपर्यंत ऐकलं.

"लई चांगली गाती की. कोण रं ही? वखारीतली न्हाय वाटतं."