किल्ली स्वतःकडे न ठेवणाऱ्या सुमतीताई

दिवाळी तोंडावर आलेली, घरभर मिरचीचा ठसका, आणि आमच्या वेबसाइटवर चटणीऐवजी जुगाराची जाहिरात उघडतेय, अशा अवस्थेत सुमतीताई मगदूम आमच्या कोल्हापूरच्या घरी पहिल्यांदा आल्या. ताई संगणक शिकवायच्या आणि लोकांच्या बिघडलेल्या साइट सावरून द्यायच्या; गारगोटीची माझी मावसबहीण त्यांची जुनी विद्यार्थिनी. तिनेच त्यांना कळवले होते. मी दारातच रडायच्या बेतात होते. ताईंनी चपला काढल्या आणि म्हणाल्या, "रडायचं मागनं बघू. आधी सांगा, ह्या दुकानाची किल्ली कुणाकुणाकडं हाय?"

किल्ली म्हणजे पासवर्ड. तो माझ्याकडे होता, यजमानांकडे होता, साइट बनवून पुण्याला निघून गेलेल्या गृहस्थांकडे होता. शिवाय धाकट्या भाऊजींनी सोयीसाठी तो भावकीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला होता. कुलदेवीचे नाव आणि पुढे एक-दोन-तीन! ताईंनी कपाळाला हात लावला. "देवीचं नाव ठिवलं म्हणून ती काय राखण करत बसंल व्हय?"

आज ताई साठी पूर्ण करीत आहेत. त्यांच्याविषयी लिहायला बसले की मला तो दिवस आठवतो, कारण त्या दिवशी आमचे सगळेच पणाला लागले होते. माझ्या सासूबाईंनी, म्हणजे आमच्या आत्तींनी, कांदा-लसणाची चटणी शेजारपाजारी विकून हा धंदा उभा केला. साइट झाल्यावर तीच चटणी लांबलांबच्या गावी जाऊ लागली. लोकांनी आपली नावे, पत्ते, फोन नंबर विश्वासाने आमच्याकडे दिले होते. तो विश्वास गेला असता तर आत्तींचे आयुष्यभराचे नाव गेले असते.

ताईंनी आधी साइट बंद ठेवायला लावली. मग आत शिरलेली घाण उपसून काढली. कधीच अद्ययावत न केलेला एक जुना जोडभाग, म्हणजे प्लगइन, साइटवर होता, त्यातूनच चोर शिरला होता. तो काढला, पासवर्ड बदलले, पुण्याच्या गृहस्थांचे आणि भावकीचे प्रवेश बंद केले. पासवर्डनंतर मोबाइलवर आलेला आकडा घातल्याशिवाय दार उघडणार नाही, अशी दुसरी कडी घातली. नवा पासवर्ड मात्र आम्हालाच ठरवायला सांगितला आणि आम्ही तो टाइप करताना त्या चक्क भिंतीकडे तोंड करून बसल्या. गूळवाले असोत, चपलांचे कारागीर असोत, पन्हाळ्यावर खोल्या भाड्याने देणारे असोत, ताई कुणाचीच किल्ली स्वतःकडे ठेवत नाहीत. गिऱ्हाईक आपल्यावाचून अडून राहावे, असे त्यांना कधी वाटलेच नाही.

त्या दिवशी घरातले सगळे भाऊजींवर तुटून पडले होते. ताईंनी आम्हालाच गप्प केले. "त्यास्नी बोलू नका. बिघाड झालाय हे पयल्यांदा त्यांनीच सांगितलं न्हवं? सांगणाऱ्याला फाडून खाल्लं तर पुढच्या वेळी कोण तोंड उघडंल?" आज आमच्या साइटवर सगळ्यात बारीक लक्ष भाऊजींचेच असते.

खरा वाद पुढे झाला. यजमान म्हणाले, साइट दुरुस्त झाली, आता गवगवा कशाला? झाकली मूठ सव्वा लाखाची. ताईंना ते पटेना. चोरांनी लोकांचे नंबर नेले असतील तर त्या लोकांना फसवे फोन येणार, त्यांना सावध करायला नको? खरे सांगते, मला यजमानांचेच पटत होते. ऐन दिवाळीत गिऱ्हाईक पळाले असते तर आम्ही काय केले असते? सगळ्यांनी आत्तींकडे पाहिले. त्या मिरच्यांची देठे काढीत होत्या. हात न थांबवता म्हणाल्या, "चटणीत भेसळ न्हाई केली कधी. मग बोलण्यात कशाला? कळवा समद्यांस्नी."

कळवले. काही गिऱ्हाइके तुटली, हेही लिहायला हवे. पण बरीच टिकली, आणि ताईंनी साइट सावरल्याचा आमचा निरोप वाचून दुसऱ्याच दिवशी मुरगूडहून एका व्यापाऱ्याचा यजमानांना फोन आला. "पावणं, आमचंबी असंच झालंय. कुणाला सांगावं कळंना झालतं. त्या बाईंचा नंबर द्या की!" ताई एसटी पकडून मुरगूडला गेल्या. असे किती जणांकडे त्या गेल्या असतील, त्यांनाच ठाऊक.

त्यांनी घालून दिलेला एक पायंडा तर आता अनेक दुकानांत पाळला जातो. खंडेनवमीला आपण संगणकालाही हळदकुंकू वाहतो. ताई म्हणतात, आधी पारख, मग पूजा. सोडून गेलेल्या माणसांचे प्रवेश काढायचे, अद्ययावत करायचे राहिले असेल ते करायचे, आणि वेगळ्या जागी ठेवलेल्या प्रतीवरून, म्हणजे बॅकअपवरून, साइट खरोखर परत उभी राहते का, ते करून बघायचे. प्रत नुसती असून काय उपयोग, ती चालली पाहिजे!

गेल्या खंडेनवमीला ताई आमच्याकडेच होत्या. मी संगणकासमोर बसणार तोच आत्ती म्हणाल्या, "सर बाजूला, मी करतो." आमच्याकडे बायकाही असेच बोलतात. चष्मा सावरत, एकेक बटण शोधत त्यांनी प्रतीवरून साइट उभी केली. चटणीचा फोटो पडद्यावर आला तसे भाऊजींनी टाळ्या वाजवल्या. ताई खुर्चीतून हलल्याही नव्हत्या. चहाची कपबशी खाली ठेवून त्या म्हणाल्या, "झालं. आता हितं माझं काम न्हाई."

म्हणजे ताई आता येणार नाहीत, असे मला वाटले. आत्ती मात्र ताडकन बोलल्या, "काम न्हाई म्हणून यायचं न्हाई व्हय? जेवायला येत जावा की!"

सुमतीताई, आमच्या सगळ्यांच्या वतीने मी तेच म्हणते. तुम्हाला उदंड आयुष्य लाभो, गुडघे साथ देवोत, डोळे असेच तीक्ष्ण राहोत. तुमचे काम पडू नये इतके शहाणे आम्ही होऊ. तुम्ही मात्र येत राहा.